तिजोरीची दुसरी किल्ली

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील कार्यक्रमांत तळमजल्यावरच्या सभागृहात झालेले भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी जसेच्या तसे. – संपादक मंडळ)

मागच्या रांगेत आमची तरुण मंडळी मान खाली घालून मोबाइल बघत बसली आहे.

सेक्रेटरी मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतले. ऑनलाइन फसवणुकीवर अर्धा तास बोला." मी दोन दिवस मागून घेतले. त्यांना वाटलं, मी तयारी करतोय. तयारी कसली, मी धीर गोळा करत होतो. कारण या विषयावर बोलायचा माझा खरा अधिकार सदतीस वर्षांच्या नोकरीतून आलेला नाही. तो आलाय चौऱ्याण्णव हजार रुपयांतून. तेवढे माझे गेलेत.

आता मागच्या रांगेतल्या माना वर आल्या. बरं झालं.

या सोसायटीत मी पहिल्या वर्षापासून आहे. तेव्हा पाणी टँकरने यायचं आणि लिफ्टचा फक्त खड्डा होता. निवृत्त झालो तरी लोकांनी मला 'साहेब' म्हणणं सोडलं नाही. एप्रिल आला की निम्म्या सोसायटीचे बँकेचे फॉर्म माझ्या डायनिंग टेबलावर असतात. एफडी कुठल्या मुदतीची करायची, नॉमिनी कोण लावायचा, लॉकर घ्यावा का, सगळं लोक मला विचारतात. आणि खरं सांगतो, मला ते आवडतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे नुकसान यानेच केलं.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली. शुक्रवार संध्याकाळ. मोबाइलवर मेसेज आला: मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊ वाजता तुमचं पाइप गॅसचं कनेक्शन बंद होईल, खालच्या नंबरवर संपर्क करा. बिल मी भरलं होतं. पण पावती सापडेना. सौ. आत पुरणाची डाळ शिजत घालत होती, दुसऱ्या दिवशी घरी जेवायला माणसं होती. मी फोन लावला. पलीकडचा मुलगा मराठीत बोलला, अगदी अदबीने. "काका, घाबरू नका. मी एक फाइल पाठवतो, ती उघडा आणि फक्त बारा रुपये भरा, म्हणजे सिस्टीममध्ये नोंद होईल." व्हॉट्सअॅपवर फाइल आली. मी ती उघडली. मोबाइलने दोनदा विचारलं, परवानगी द्यायची का? दोनदा हो म्हटलं. कार्डाचा नंबर घालून बारा रुपये भरले. "झालं काका, निश्चिंत रहा." मीच त्याला 'थँक यू' म्हटलं!

शनिवारी सकाळी बँकेचं अॅप उघडलं तर अडुसष्ट हजार कमी. मेसेज एकही नाही. नंतर कळलं, त्या फाइलमधून जे अॅप बसलं होतं ते माझे एसएमएस वाचत होतं आणि पुढे पाठवत होतं. ओटीपी मला दिसण्याआधी त्यांच्याकडे जात होता. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही, पण ओटीपी ज्या डब्यात येतो त्या डब्याचीच किल्ली देऊन बसलो होतो.

आता पुढे ऐका. पैसे गेले ती माझी पहिली चूक. दुसरी त्याहून मोठी.

तो दुसरा शनिवार होता, बँक बंद. आणि मी, जन्मभर बँकेत घालवलेला माणूस, सोमवारी शाखा उघडायची वाट बघत बसलो. बँक म्हणजे काउंटर, बँक म्हणजे साडेदहा वाजता वर जाणारं शटर, हे डोक्यात इतकं बसलेलं. चोवीस तास चालणारा फोन नंबर माझ्या कार्डाच्या पाठीवर छापलेला होता. तो मी लावला नाही. का? कारण फोनवर बोललो असतो तर सौ.ने ऐकलं असतं. जेवायला आलेल्या माणसांनी ऐकलं असतं. 'साहेबांना फसवलं' ही बातमी संध्याकाळपर्यंत गेटवर पोचली असती. तर मी पुरणपोळी वाढली, पाहुण्यांशी हसून बोललो आणि गप्प राहिलो. रविवारी संध्याकाळी आणखी सव्वीस हजार गेले. ते अॅप अजून मोबाइलमध्येच होतं ना!

सोमवारी शाखेत गेलो. टेबलापलीकडे माझ्या नातीपेक्षा थोडी मोठी असेल अशी अधिकारी मुलगी. मी आधी ओळख सांगितली, अमुक साली निवृत्त, अमुक हुद्दा. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काका, १९३० ला फोन केला का?" नव्हता केला. तिने माझ्या हातून मोबाइल घेतला, आधी त्याचं इंटरनेट बंद केलं, कार्ड आणि नेट बँकिंग ब्लॉक केलं, आणि तिथेच बसून माझ्याकडून तक्रार नोंदवून घेतली. चौऱ्याण्णव हजारांतले अकरा हजार दोनशे कुठल्यातरी खात्यात अडकलेले सापडले, ते काही महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले.

त्या संध्याकाळी घरी सांगितलं. सौ. म्हणाली, "पैसे गेल्याचं सोडा. दोन दिवस माझ्यासमोर बसून जेवलात आणि बोलला नाहीत, ते लागलं मला."

यानंतर तरी मी शहाणा झालो असेन असं तुम्हाला वाटेल. नाही झालो. घरी सांगितलं, पण घराबाहेर एक अक्षर काढलं नाही. पाच आठवड्यांनी आपल्याच सोसायटीतल्या एक बाई माझ्याकडे आल्या. निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांच्या परवानगीने सांगतोय, नाव सांगणार नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले एक लाख चाळीस हजार गेले होते आणि मी त्यांना बँकेचा अर्ज लिहून द्यावा, अशी विनंती होती. मी कागद घेतला आणि म्हटलं, मेसेज दाखवा. मेसेज तोच. साडेनऊ वाजता गॅस बंद. शब्दन् शब्द तोच.

माझा हात थांबला. मग मी त्यांना माझी हकिकत सांगितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढंच म्हणाल्या, "साहेब, ग्रुपवर एक ओळ टाकली असतीत तर."

सदतीस वर्षांत वरिष्ठांचे मेमो खाल्ले, ऑडिटरची बोलणी खाल्ली. पण ते एक वाक्य अजून झोपू देत नाही. म्हणून आज इथे उभा आहे.

आता थोडं बँकेबद्दल. आमच्या शाखेतली तिजोरी एका माणसाला कधीच उघडता यायची नाही. दोन किल्ल्या, दोन वेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघं आल्याशिवाय दार हलायचं नाही. याला आम्ही जॉइंट कस्टडी म्हणायचो. एकदा महिन्याच्या पहिल्या तारखेला मॅनेजरसाहेब तापाने फणफणलेले, किल्ली त्यांच्या घरी. बाहेर पेन्शनरांची रांग. मी अकाउंटंट, माझी किल्ली माझ्या खिशात, पण एकट्याची किल्ली काय कामाची? शिपायाबरोबर एक अधिकारी त्यांच्या घरी गेला, रीतसर सही करून किल्ली घेतली आणि परत आला. दीड तास गेला. लोकांनी आम्हाला नाही नाही ते ऐकवलं. पण तो दीड तास म्हणजेच तिजोरीची खरी भिंत होती. चोराला उशीर परवडत नाही आणि त्याला दुसरा माणूस चालत नाही.

आज आपल्या प्रत्येकाच्या खिशात तिजोरी आहे. २०१६ साली यूपीआय आलं आणि भाजीवालीला दहा रुपये देण्यापासून लाखाच्या व्यवहारापर्यंत सगळं बोटावर आलं. सोय मोठी आहे, मी स्वतः रोज वापरतो आणि वापरू नका असं अजिबात सांगणार नाही. पण ही तिजोरी एका किल्लीची आहे. उघडणारे आपण एकटेच, आणि तेही घाईत.

म्हणून फसवणुकीचे शंभर प्रकार पाठ करू नका. प्रकार रोज बदलतात. त्या सगळ्यांत न बदलणाऱ्या दोनच गोष्टी असतात. एक, घाई: आत्ताच्या आत्ता करा, नाहीतर गॅस बंद, वीज बंद, खातं बंद, अटक. दोन, एकांत: कोणाला सांगू नका, फोन ठेवू नका, दार लावून बसा. तुम्हाला दुसऱ्या किल्लीपासून तोडायचं, एवढाच सगळा खेळ आहे. ज्या फोनमध्ये घाई आणि एकांत दोन्ही असतील तो फोन चोराचा, असं बेलाशक समजा.

तरी चार-पाच गोष्टी बँकेच्या भाषेत सांगतो, म्हणजे लक्षात राहतील.

ओटीपी म्हणजे चेकवरची सही. कोऱ्या चेकवर सही करून रस्त्यावरच्या माणसाला देता का? मग ओटीपी कसा देता? बँकेचा कुठलाही माणूस, अगदी मॅनेजरसुद्धा, ओटीपी किंवा पिन विचारत नाही.

यूपीआयचा पिन हा पैसे देण्यासाठी असतो. घेण्यासाठी पिन लागत नाही, समोरच्याचा क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. आपण जुना सोफा विकायला काढतो, कोणीतरी फोन करतो, मी सैन्यात आहे, ताबडतोब पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा म्हणतो. सैन्याचं नाव ऐकून आपण विरघळतो. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात.

व्हॉट्सअॅपवर आलेली फाइल, जिच्या नावाच्या शेवटी एपीके अशी तीन अक्षरं आहेत, ती उघडायची नाही. लग्नपत्रिका असो, वाहतुकीच्या दंडाची पावती असो, की बँकेचं केवायसी. पत्रिका बघायला अॅप बसवावं लागत नाही. तसंच कोणाच्या सांगण्यावरून आपल्या मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं अॅप घ्यायचं नाही. तो मदत करत नाही, मागे उभा राहून पिन वाचतो.

बँकेचा किंवा गॅसवाल्याचा ग्राहक सेवा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, तिथे चोरांनी आपले नंबर पेरून ठेवलेत. नंबर कार्डाच्या पाठीमागे, पासबुकावर, छापील बिलावर असतो, तो घ्या. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने आता 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट ठरवून दिलाय, पत्ता टाइप करताना तेवढं बघा.

आणि ते 'डिजिटल अरेस्ट'. अशी कुठलीही अटक भारताच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये हे देशाला सांगितलं: थांबा, विचार करा, मग कृती करा. पोलीस, सीबीआय, कोर्ट कोणीही व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे 'तपासणीसाठी' मागत नाही. तुमचे पैसे रिझर्व्ह बँकेच्या सुरक्षित खात्यात ठेवा म्हणतात, तेव्हा तर हसायलाच हवं. रिझर्व्ह बँक तुमच्या-माझ्यासारख्यांची खाती उघडतच नाही.

शेअरच्या टिप्स देणारे ग्रुप. अॅपमध्ये नफा फुगत जातो, काढायला गेलं की आधी टॅक्स भरा म्हणतात. नफा आकड्यातला, भरलेले पैसे खरे. मी आयुष्यभर व्याज मोजलं. महिन्यात दुप्पट करून देणाऱ्याला तुमचे पैसे कशाला लागतील, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा.

तरुणांनो, तुम्हाला वेगळं सांगायचंय. तुमचं खातं 'भाड्याने' मागणारे भेटतील. फक्त खातं वापरू दे, महिन्याला पाच हजार देतो म्हणतील. त्या शिक्षिकाबाईंचे पैसे अशाच कोणाच्या तरी खात्यातून गेले असतील. असं खातं देणारा पोरगा पोलिसांना सगळ्यात आधी सापडतो, कारण नाव-पत्ता त्याचाच असतो.

आता घरची व्यवस्था. मी स्वतः काय केलंय ते सांगतो. यूपीआयसाठी वेगळं खातं ठेवलंय, त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे. पेन्शन आणि ठेवींचं खातं मोबाइलला जोडलेलंच नाही. कार्डावरचा परदेशी आणि ऑनलाइन वापर अॅपमधून बंद करता येतो, तो बंद केलाय, लागला तर चालू करून परत बंद करतो. रोजची मर्यादा खाली आणलीय. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय, त्यामुळे कोणाला माझ्या बोटाचा ठसा वापरता येणार नाही. आणि मोबाइलचं नेटवर्क कारण नसताना बराच वेळ गेलं, तर शेजारच्याच्या फोनवरून आधी कंपनीला विचारायचं, आपलं सिम दुसऱ्या कोणी काढून तर घेतलं नाही ना.

पण या सगळ्याच्या वर दुसरी किल्ली. आमच्या घरात ठरलंय: दहा हजारांच्या वरचा कुठलाही ऑनलाइन व्यवहार दोघांपैकी एकट्याने करायचा नाही. दुसऱ्याला मोठ्याने सांगायचा, कोणाला, कशासाठी, किती. मोठ्याने सांगताना निम्म्या वेळा आपलं आपल्यालाच कळतं की काहीतरी चुकतंय. एकटे राहणाऱ्यांनी मुलाला, भाचीला, शेजाऱ्याला किल्ली द्यावी. पिन द्यायचा नाही हां! फक्त सांगायचं. आणि मुलांनो, आई-बाबांचा असा फोन आला तर "तुम्हाला काही कळत नाही" म्हणू नका. एकदा म्हणालात की पुढचा फोन ते तुम्हाला करणार नाहीत, चोराला करतील.

इतकं करूनही फसलात तर? माझ्यासारखं सोमवारची वाट बघू नका. पहिला फोन १९३०, दिवस असो रात्र असो. तिथे खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर सांगायचा. ती माहिती पैसे ज्या बँकांत फिरताहेत तिथे जाते आणि जिथे सापडतील तिथे अडवले जातात. चोर रक्कम तुकडे करून पाच-पंचवीस खात्यांत फिरवतो आणि एटीएममधून काढतो, म्हणून पहिल्या तासाला किंमत. दुसरा फोन बँकेला, सगळं ब्लॉक. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार. मग बँकेत लेखी अर्ज आणि पोच. पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलायचं नाही, हे मी बँकवाला म्हणून सांगतो.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली यासाठी नियम घालून दिले. त्या नियमांप्रमाणे, तुमची काही चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमचा नाही. चूक तुमची असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा, कळवल्यानंतरचा बँकेचा. आता माझा हिशोब करा. शनिवारी सकाळी फोन केला असता तर रविवारचे सव्वीस हजार मला भरावे लागलेच नसते. ती माझ्या गप्प बसण्याची फी. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते, १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

शेवटी एक चांगली गोष्ट. मागच्या वर्षी वार्षिक सभेत मी पहिल्यांदा उभं राहून माझी हकिकत सांगितली, शिक्षिकाबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यानंतर तीन महिन्यांनी सी विंगमधल्या एका गृहस्थांना व्हिडिओ कॉलवर 'पोलिसांनी' सकाळपासून बसवून ठेवलं. दार बंद. कामवाल्या मावशी आल्या तर आतून आवाज, "आज नको." मावशींना खटकलं. बारा वर्षांत या घराने कधी 'आज नको' म्हटलेलं नाही. त्यांनी वॉचमनला सांगितलं, वॉचमनने सेक्रेटरींना. आम्ही चौघं वर गेलो, बेल वाजवत राहिलो. शेवटी दार उघडलं, ते ओठावर बोट ठेवून उभे, चेहरा पांढरा. टेबलावर बँकेचा आरटीजीएसचा भरलेला फॉर्म, सव्वासहा लाखांचा. सेक्रेटरींनी फोन उचलून बंद केला आणि मावशींनी चहा टाकला. बस्स, एवढंच. त्या दिवशी तिजोरीची दुसरी किल्ली मावशींकडे होती.

पंचवीस वर्षांत आपण या सोसायटीत पाण्याची टाकी बांधली, लिफ्ट आणली, गळती थांबवली. पार्किंगवरून भांडलोही. आता एवढं करू या. कोणाला संशयास्पद मेसेज आला, कोणी फसलं, तर त्याच दिवशी ग्रुपवर एक ओळ टाकायची. आणि ती ओळ वाचून कोणीही हसायचं नाही, 'एवढंही कळलं नाही का' असं म्हणायचं नाही. चोराला लाज नाही, मग आपणच का लाजायचं?

दर बुधवारी संध्याकाळी सहा ते सात मी सोसायटीच्या ऑफिसमध्ये बसतो. मर्यादा कमी करणं, कार्ड बंद-चालू करणं, तक्रार लिहिणं, काहीही असेल तर या. मोबाइल आणा, पिन मात्र तुमचा तुम्हीच टाका, मी तोंड फिरवून बसतो. जुनी सवय आहे.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मनावरचं ओझं थोडं उतरलं.